छोट्या दाहक भट्टीत लाकूड जाळताना धातू जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकूडकामाच्या एका कारखान्यात ताशी ५० किलोच्या आसपास लाकूड जाळणारी लहान दाहक भट्टी आहे. तिच्यात कारखान्यातले तुकडे आणि ढलप्या जातात, शिवाय मोडलेली पॅलेट्स, जुन्या दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि बाहेरून आलेल्या फळ्याही जातात. भट्टीला दुसरा दहनकक्ष आहे, तिथले तापमान ८५० अंश सेल्सिअसच्या वर राहते, धुराड्यातून दिसण्याजोगा धूर येत नाही आणि वाटेत एक सायक्लोन, म्हणजे वायूला गरगर फिरवून धूळ बाजूला काढणारे यंत्र, बसवलेला आहे. एवढी व्यवस्था असताना धातूंच्या कणांची काळजी करावी का आणि तापमान आणखी वाढवले तर ते कमी होतील का, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

काळजी करावी, आणि तापमान वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. काही धातूंच्या बाबतीत तो वाढेल. ८५० अंश तापमान आणि वायूला त्या तापमानात किमान २ सेकंद ठेवणे हा निकष सेंद्रिय पदार्थांसाठी आहे. काजळी, कार्बन मोनॉक्साइड, डांबरी वाफा आणि डायऑक्सिनसारखी संयुगे पुरेशा उष्णतेत, पुरेशा हवेत आणि पुरेशा वेळात मोडतात. शिसे किंवा आर्सेनिक हे मूलद्रव्य मोडत नाही. लाकडाबरोबर भट्टीत जितके ग्रॅम शिसे गेले, तितकेच ग्रॅम तळातल्या राखेतून, सायक्लोनमधल्या धुळीतून, धुराड्याच्या आतल्या थरातून किंवा बाहेरच्या हवेतून परत येणार आहे. भट्टी चालवणाऱ्याच्या हातात फक्त एवढेच असते की, यांतल्या कोणत्या वाटेने किती जावे.

आधी लाकडाकडे पाहू. स्वच्छ, साल काढलेल्या लाकडात राखेचे प्रमाण वजनाच्या ०.३ ते १ टक्का असते. सालीत ते कितीतरी पटींनी जास्त असते. ही राख मुख्यतः कॅल्शियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांची असते. जड धातू झाड मुळांवाटे जमिनीतूनच घेते, त्यामुळे अगदी निर्मळ लाकडातही ते थोडे असतातच: एका किलो लाकडात जस्त काही दहा मिलिग्रॅम, तांबे आणि शिसे काही मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, कॅडमियम मिलिग्रॅमचा काही दशांश. विलो आणि पॉप्लर ही झाडे कॅडमियम विशेष शोषून घेतात. ओंडके मातीतून ओढत आणले असतील, तर सालीत अडकलेल्या मातीबरोबर लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि थोडे क्रोमियमही येते. हे सगळे धरूनही स्वच्छ लाकूड नीट जाळणाऱ्या भट्टीतून विषारी धातूंचे प्रमाण सहसा चिंताजनक पातळीला जात नाही. अडचण होते ती प्रक्रिया केलेले लाकूड भट्टीत आले की.

त्यात पहिला क्रमांक तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणात मुरवलेल्या लाकडाचा. सीसीए या नावाने ओळखले जाणारे हे परिरक्षक सोंती कामेसन या भारतीय संशोधकांनी १९३३ मध्ये विकसित केले, आणि वाळवी व बुरशी यांच्याविरुद्ध ते इतके प्रभावी ठरले की खांब, कुंपणे, गच्च्या आणि बागेतले सामान यांसाठी ते अनेक दशके जगभर वापरले गेले. अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी त्याचा वापर २००३ अखेर थांबला आणि युरोपीय संघात २००४ च्या मध्यापासून त्यावर कडक निर्बंध आले. पण असे लाकूड वीस-तीस वर्षे सहज टिकते, त्यामुळे तेव्हा बसवलेले खांब आणि फळ्या आता मोडतोडीच्या ढिगात येऊ लागल्या आहेत. फळी जुनी आहे म्हणजे ती निरुपद्रवी आहे, हा समज म्हणूनच उलटा आहे.

आकडे मांडले की धोका किती आहे ते लक्षात येते. या परिरक्षकाच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात क्रोमियम ऑक्साइड ४७.५ टक्के, तांब्याचे ऑक्साइड १८.५ टक्के आणि आर्सेनिक पेंटॉक्साइड ३४ टक्के असते. जमिनीला न टेकणाऱ्या लाकडात ते दर घनमीटरला सुमारे ४ किलो मुरवले जाते. जमिनीत पुरायच्या लाकडात सुमारे ६.४ किलो. ४ किलोचाच हिशोब धरला, तर एका घनमीटरमध्ये आर्सेनिक पेंटॉक्साइड १.३६ किलो, म्हणजे शुद्ध आर्सेनिक जवळपास ०.८९ किलो. लाकडाचे वजन दर घनमीटरला ५०० किलो मानल्यास एका किलो लाकडात सुमारे १.८ ग्रॅम आर्सेनिक, २ ग्रॅम क्रोमियम आणि १.२ ग्रॅम तांबे असते. निर्मळ लाकडात आर्सेनिक मिलिग्रॅमच्या अंशात मोजावे लागते. इथे ते ग्रॅममध्ये आहे.

आता हे धुराड्यापर्यंत नेऊ. एक किलो कोरडे लाकूड जाळल्यावर, धुरातील ऑक्सिजन ११ टक्के धरल्यास, सुमारे ९.५ प्रमाण घनमीटर (म्हणजे ठरावीक तापमान व दाबाला मोजलेले घनमीटर) कोरडा वायू तयार होतो. किलोतल्या १.८ ग्रॅम आर्सेनिकपैकी ३० टक्के वायूबरोबर गेले असे गृहीत धरू. प्रत्यक्षात हा वाटा तापमान, हवा आणि राखेतले कॅल्शियम यांनुसार बराच कमी-जास्त होतो. म्हणजे ५४० मिलिग्रॅम भागिले ९.५, अर्थात दर घनमीटरला सुमारे ५७ मिलिग्रॅम. कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांसाठी युरोपीय संघाच्या २०१० च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात अँटिमनी, आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, कोबाल्ट, तांबे, मँगेनीज, निकेल आणि व्हॅनेडियम या नऊ धातूंची एकत्रित मर्यादा दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. शंभर किलो स्वच्छ लाकडात अशी एकच किलोभर फळी मिसळली गेली, तरी एकट्या आर्सेनिकने ती मर्यादा ओलांडली जाते. तुमच्या भट्टीला कोणती मर्यादा लागू आहे ते परवान्यात पाहावे. पण ‘थोडेसेच तर आहे’ या युक्तिवादात किती दम आहे, हे कळायला एवढा हिशोब पुरेसा आहे. याच निर्देशात लाकडाचा कचरा दोन भागांत केला आहे, तोही उगीच नव्हे: परिरक्षकामुळे किंवा रंग-लेपामुळे ज्यात हॅलोजनयुक्त (क्लोरीन, ब्रोमीन यांसारख्या मूलद्रव्यांची) संयुगे अथवा जड धातू असू शकतात, त्या लाकडाला साध्या लाकडाची सवलत मिळत नाही.

माणसांवर होणारा परिणामही नोंदलेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातले एक कुटुंब असे लाकूड घरातल्या शेगडीत जाळत असे आणि त्यांना दर हिवाळ्यात श्वसनाचे विकार, त्वचेचे विकार आणि केस गळणे असे त्रास होत. आर्सेनिकशी त्याचा संबंध जोडणारा अहवाल १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला.

जुन्या चौकटींवरच्या रंगाचा विचार वेगळा करावा लागतो. जुन्या तैलरंगांत पांढऱ्या रंगासाठी शिशाची संयुगे आणि पिवळ्या-केशरी छटांसाठी लेड क्रोमेट वापरले जात असे. नंतरच्या अनेक रंगांत जस्ताची संयुगे असतात. रंगाचा थर पातळ दिसतो, पण एकावर एक दिलेले पाच-सहा हात मिळून वजनाने चांगलेच भरतात. पीव्हीसीचा पापुद्रा चिकटवलेले फर्निचरचे तुकडे त्याहून त्रासदायक. त्यांचे कारण क्लोरीन, ते पुढे येईल. पॅलेट्सबाबत मात्र माझे मत थोडे सौम्य आहे. ज्या पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा ‘एचटी’ शिक्का आहे, ते लाकूड फक्त तापवलेले असते, त्यात काही मुरवलेले नसते, आणि खिळे सोडले तर ते स्वच्छ लाकडाच्या जवळचे आहे; अट एवढीच की त्यावर नंतर काही सांडलेले किंवा फासलेले नसावे. ‘एमबी’ शिक्क्याची, म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली पॅलेट्स मी भट्टीत घेऊ देत नाही.

धातूचा कण बनतो कसा, हे नीट समजून घेतले तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात. जळत्या थरात काही धातूंची वाफ होते आणि काही जागेवरच राहतात. पारा ३५७ अंशांना उकळतो, आर्सेनिक ट्रायऑक्साइड सुमारे ४६५ अंशांना, कॅडमियम ७६७ अंशांना आणि जस्त ९०७ अंशांना. वाफ होण्यासाठी उत्कलनबिंदू गाठावाच लागतो असे नाही, त्याच्या बऱ्याच खाली बाष्पीभवन सुरू होते. पण कोण आधी उडणार याचा क्रम या आकड्यांतून कळतो. तांबे, क्रोमियम आणि निकेल २५०० अंशांच्या पुढे उकळतात, म्हणून ते मुख्यतः राखेत राहतात आणि हवेत गेलेच तर राखेचे बारीक कण वाऱ्याने उचलले गेल्यामुळे जातात.

या साध्या चित्रात दोन गोष्टी गुंतागुंत करतात. पहिली म्हणजे क्लोरीन. शिसे स्वतः १७४९ अंशांना उकळते, पण लेड क्लोराइड सुमारे ९५० अंशांनाच; जस्ताचे क्लोराइड तर ७३२ अंशांना. पीव्हीसीचा एक तुकडा रंगीत लाकडाबरोबर जळला की एरवी राखेत बसून राहिले असते ते शिसे वाफ होऊन वर जाते. दुसरी गोष्ट म्हणजे निखाऱ्यांच्या थरातली ऑक्सिजनची कमतरता. तिथे कार्बन जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो, मोकळे झालेले जस्त वाफ होऊन वर येते आणि हवा मिळताच पुन्हा ऑक्साइड बनते, तेही आता अतिसूक्ष्म कणांच्या रूपात. जस्तलेपित खिळा राखेतून काढून पाहावा: वरचा चंदेरी मुलामा नाहीसा होऊन खडबडीत, तपकिरी-काळा लोखंडी गाभा उरलेला असतो. लोखंड राखेत राहिले, मुलाम्यातले बरेचसे जस्त धुराड्याकडे गेले.

वायू थंड होऊ लागला की या वाफा घनरूप होतात. लाकडाच्या धुरात जस्ताचे ऑक्साइड लवकर घन होऊन बारीक बीजकण तयार करते, त्यांवर पोटॅशियमची सल्फेट आणि क्लोराइड लवणे बसतात, आणि शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांच्या वाफाही त्याच पृष्ठभागावर जमतात. हे कण एकमेकांवर आदळून, चिकटून वाढतात. तरी त्यांचा व्यास बहुधा मायक्रोमीटरच्या एक ते तीन दशांशांपुरताच राहतो. वाऱ्याने उचललेल्या राखेचे कण मात्र काही मायक्रोमीटरपासून काही दहा मायक्रोमीटरपर्यंत असतात. म्हणजे धुराड्यात कणांचे दोन वेगळे समूह एकाच वेळी असतात: जाड कण, ज्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, मँगेनीज, क्रोमियम जास्त; आणि अतिसूक्ष्म कण, ज्यांत पोटॅशियम, जस्त, शिसे, कॅडमियम, आर्सेनिक जास्त. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचण्याची क्षमता दुसऱ्या समूहात अधिक असते, आणि त्यातली बरीच लवणे पाण्यात विरघळणारी असतात.

त्यामुळे ‘धूर दिसत नाही’ या निरीक्षणाचा अर्थ फक्त एवढाच होतो की काजळी आणि डांबर नीट जळत आहेत. ती चांगलीच गोष्ट आहे, पण दर घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम धातू डोळ्यांना दिसणे शक्यच नाही.

सायक्लोनचेही तसेच. जडत्वाच्या जोरावर तो सुमारे ५ मायक्रोमीटरहून मोठे कण चांगले पकडतो, ०.२ मायक्रोमीटरचा कण वायूबरोबरच वळतो आणि निघून जातो. सायक्लोनच्या पिंपात भरपूर धूळ जमते म्हणून तो धातूही पकडत असेल असे वाटते, पण जमलेली धूळ पहिल्या समूहातली असते. दुसऱ्या समूहासाठी पिशव्यांचा बॅग फिल्टर किंवा विद्युत-स्थैतिक प्रेसिपिटेटर (कणांना विद्युतभार देऊन पट्ट्यांवर ओढून घेणारे यंत्र) लागतो. साधा पाण्याचा फवारा या आकाराच्या कणांसमोर दुबळा पडतो. लहान भट्टीसाठी निवड करायची झाली तर मी बॅग फिल्टर सुचवतो, कारण पिशवीवर जमलेला धुळीचा थरच गाळणीचे काम करतो आणि मायक्रोमीटरहून लहान कणही ९९ टक्क्यांहून अधिक अडतात.

बॅग फिल्टरला मात्र तापमानाची शिस्त लागते. पॉलिस्टरची पिशवी सुमारे १३० अंश, अ‍ॅरामिडची २०० अंश आणि पीटीएफई किंवा काचतंतूची २६० अंशांच्या आसपास टिकते. वायू १५० ते १८० अंशांपर्यंत उतरवला की शिसे, कॅडमियम, जस्त जवळजवळ पूर्णपणे आणि आर्सेनिक बऱ्याच अंशी कणरूपात आलेले असते, म्हणजे गाळता येते. पारा तेव्हाही वाफेतच असतो आणि त्यासाठी सक्रिय कार्बन वापरावा लागतो. फार थंड केले तर आम्ल आणि पाणी पिशव्यांवर सुटते व पिशव्या चिकट होऊन बंद पडतात. वायू उतरवताना ४५० ते २५० अंशांचा टप्पा झटपट पार करावा, कारण याच पट्ट्यात उडत्या राखेच्या पृष्ठभागावर डायऑक्सिन नव्याने बनतात आणि तांबे त्यांना उत्प्रेरक म्हणून मदत करते. परिरक्षित लाकडाच्या राखेत तर तांब्याची कमतरता नसते. सध्याचा सायक्लोन काढू नये. पिशव्यांच्या आधी ठिणग्या अडवायला तो उपयोगी पडतो.

तरीही लहान भट्टीवर एवढा खर्च करण्याआधी ढिगाजवळ उभे राहून निवड करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. हातात धरायचे क्ष-किरण प्रतिदीप्ती उपकरण काही सेकंदांत फळीतले तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक दाखवते. ते वापरताना एक लक्षात ठेवावे: ज्यांवरून उपकरण धातू ओळखते त्या आर्सेनिक आणि शिसे यांच्या मुख्य क्ष-किरण रेषा जवळजवळ एकाच ऊर्जेवर, सुमारे १०.५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टवर येतात, म्हणून शिशाचा रंग असलेली फळी आर्सेनिकची वाटू शकते किंवा उलटही होऊ शकते. रंग खरवडून आतल्या लाकडावर पुन्हा वाचन घ्यावे आणि सोबत क्रोमियम व तांबे दिसते का ते पाहावे. उपकरण नसेल तर क्रोम अ‍ॅझुरॉल या रंजकाच्या द्रावणाचा थेंब ताज्या कापलेल्या भागावर टाकावा. तांबे असेल तर गडद निळा डाग उमटतो. ही चाचणी तांबे सांगते, आर्सेनिक सांगत नाही, आणि तांब्याची पण आर्सेनिक नसलेली परिरक्षकेही असतात. भट्टीपुरता नियम सोपा ठेवावा, निळा डाग आला की फळी बाजूला. हिरवट छटेवर विसंबू नये, ती काही वर्षांच्या उन्हापावसात करडी होऊन जाते.

चालवण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो, जरी निवडीइतका नाही. जाळीखालून येणारी प्राथमिक हवा मर्यादित ठेवून उरलेली हवा वरच्या कक्षात दिली, तर जळत्या थराचे तापमान उतरते, पोटॅशियमची लवणे कमी उडतात आणि राखही कमी उधळते. याची दुसरी बाजू वर आलीच आहे: हवा फार तोडली तर निखाऱ्यांत जस्त आणि कॅडमियम मोकळे होण्यास वाव मिळतो. म्हणून स्वच्छ लाकडासाठी ही युक्ती चांगली आहे, रंगीत लाकडासाठी ती उपाय नाही. भट्टी पेटती असताना सळईने राख ढवळणे, एकदम मोठा भरणा टाकणे आणि पंखा पूर्ण वेगाने सुरू करणे या तिन्ही सवयी जाड कणांचा लोट वर पाठवतात. भरणा लहान आणि नियमित ठेवावा.

मोजमाप करवून घ्यायचे असेल तर प्रयोगशाळेशी आधीच काही गोष्टी ठरवाव्यात. नमुना समगतीने घेतला पाहिजे, म्हणजे नळीतला शोषणाचा वेग धुराड्यातल्या वायूच्या वेगाइतकाच हवा. वेग चुकला तर अतिसूक्ष्म कणांत फारसा फरक पडत नाही, जाड कणांचा आकडा मात्र बिघडतो. गाळणीमागे नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटल्या असाव्यात, कारण वाफरूप अंश गाळणीतून निसटतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची (ईपीए) २९ क्रमांकाची पद्धत आणि युरोपचे ईएन १४३८५ हे मानक याच तत्त्वावर आहे. पाऱ्यासाठी अमेरिकी पद्धतीत पुढे आम्लयुक्त परमँगनेटच्या बाटल्या जोडतात. नळीचे तोंड काचेचे मागावे. स्टेनलेस पोलादातूनच क्रोमियम आणि निकेल नमुन्यात उतरते आणि मग ते लाकडाच्या माथी मारले जाते. कोऱ्या गाळणीचे आणि कोऱ्या द्रावणाचे विश्लेषण अहवालात मागावे.

अहवाल आल्यावर सर्वांत आधी ऑक्सिजनचा रकाना पाहावा. लहान भट्ट्यांत जादा हवा खूप असते, त्यामुळे वायू पातळ होतो आणि आकडे दिसायला छान दिसतात. मोजलेले प्रमाण ०.३ मिलिग्रॅम आणि ऑक्सिजन १६ टक्के असेल, तर ११ टक्क्यांवर आणताना २१ वजा ११ भागिले २१ वजा १६ या गुणोत्तराने, म्हणजे २ ने गुणावे लागते, आणि तो आकडा ०.६ होतो. मर्यादेखालचा अहवाल मर्यादेवर जातो तो असा. चाचणीच्या तासांत भट्टीत नेमके काय टाकले याची वजनासह नोंद ठेवावी. त्या दिवशी मुद्दाम निवडक कोरडे लाकूड जाळून घेतलेला अहवाल इतर दिवसांबद्दल काही सांगत नाही. धुराडे नुकतेच झाडले असेल किंवा बरेच महिने झाडलेच नसेल तर तेही नोंदवावे, कारण भिंतीवर जमलेला थर सुटून येतो तेव्हा मागच्या महिन्यांतले धातू आजच्या नमुन्यात येतात.

राहिली राख. उत्सर्जन जितके कमी कराल तितका धातू राखेत वाढेल. तळराख आणि गाळणीतली उडती राख कधीही एकत्र करू नये: कॅडमियम, जस्त आणि शिसे उडत्या राखेत कितीतरी पटींनी दाट झालेले असते. केवळ स्वच्छ लाकडाची तळराख, तपासणी करून, मातीत घालता येते. उडती राख नाही. लाकडाची राख आम्लारिधर्मी असल्याने भट्टीच्या उष्णतेत तिच्यातल्या क्रोमियमचा काही भाग सहासंयुजी रूपात जातो, आणि हे रूप पाण्यात विरघळणारे व कर्ककारक आहे. म्हणून ज्या भरण्यात परिरक्षित लाकूड गेल्याची शंका आहे, त्याची राख उघड्यावर ठेवू नये, तिच्यावर पाऊस पडू देऊ नये; ती काढताना कणरोधक मुखपट्टी व हातमोजे घालावेत, हलके पाणी शिंपडून झाकणाच्या पिंपात भरावी आणि धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. पिंपावर तारीख आणि त्या काळात जाळलेल्या मालाचे वर्णन लिहावे, कारण केंद्राची प्रयोगशाळा पहिल्यांदा तेच विचारते.